न टिकणारा निळा

पर्थकडे जाणारी ‘इंडियन पॅसिफिक’ सिडनीच्या सेंट्रल स्थानकातून सुटते आणि पॅरामॅटा, वेस्टमीड मागे टाकत वेंटवर्थव्हिलच्या फलाटाजवळून न थांबता पुढे जाते. सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या या फलाटावर हल्ली मराठीही कानावर पडते. त्या गाडीचा ४,३५२ किलोमीटरचा मार्ग नकाशावर नीट पाहिला, तर ऑस्ट्रेलियाच्या खाणींची एक साखळीच डोळ्यांसमोर येते. पार्क्सजवळ तांबे आणि सोने, ब्रोकन हिलला शिसे, जस्त आणि चांदी, पुढे नलारबॉरचे ओसाड पठार, आणि पश्चिमेकडे काल्गुर्लीला सोने व निकेल. या लेखाचा विषय काल्गुर्लीच्याही पलीकडे, उत्तर-ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. कार बॉइड रॉक्स नावाच्या जागी निकेलची खाण होती. तिथल्या झिजलेल्या खडकावर फिकट निळा, मऊ, पातळ थर आढळला आणि १९७९ साली तो नवे खनिज म्हणून जगासमोर आला. त्याचे नाव जॉर्जाइट.

पीटर ब्रिज, जे. जस्ट आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले नामवंत खनिजरसायनतज्ज्ञ मॅक्स हे (Hey) या तिघांनी ‘मिनरलॉजिकल मॅगझिन’मध्ये अवघ्या दोन पानांत त्याचे वर्णन दिले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत खनिज विभागाचे प्रमुख राहिलेले जॉर्ज पेन यांच्या सन्मानार्थ नाव ठेवले गेले. ना चमकदार स्फटिक, ना किंमत. काचेच्या कपाटात ठेवला तर शेजारच्या गर्द निळ्या ॲझुराइटपुढे हा नमुना कोणाच्या नजरेतही भरणार नाही. तरीही तांब्याच्या खनिजांत इतके काही शिकवून जाणारे दुसरे खनिज शोधणे अवघड आहे.

कारण त्याची दुर्मिळता वेगळ्या जातीची आहे. मराठी वाचकाला निळे दुर्मिळ खनिज म्हटले की पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला कॅव्हनसाइट आठवेल. त्याचा निळा रंग तांब्याचा नाही, व्हॅनेडियमचा आहे. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्शियम, सिलिका आणि पाणी मुबलक असते; पण त्यांच्या जोडीला पुरेसे व्हॅनेडियम येणे हा क्वचित घडणारा योग. म्हणून कॅव्हनसाइट दुर्मिळ. जॉर्जाइटला मात्र असे काहीच दुर्लभ लागत नाही. तांबे, कार्बोनेट आणि पाणी एवढ्यावर त्याचे भागते, आणि जगातल्या शेकडो तांब्याच्या खाणींत हे तिन्ही एकत्र नांदतात. घटक सगळीकडे असूनही खनिज जवळजवळ कुठेच नाही, हे कोडे आहे. त्याचे उत्तर असे की जॉर्जाइट तयार होत नाही असे नव्हे. तो तयार होतो आणि टिकत नाही.

हे उत्तर समजून घ्यायला आधी तांब्याच्या दुय्यम खनिजांचा जन्म पाहावा लागतो. जमिनीच्या पोटात खोलवर तांबे बहुधा गंधकाशी बांधलेले असते. चाल्कोपायराइट हे त्याचे सर्वांत परिचित रूप, पितळी पिवळे. धूप आणि भूहालचालींनी हा साठा पृष्ठभागाजवळ आला की पावसाचे पाणी आणि हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर काम सुरू करतात. गंधकाचे सल्फेट होते, पाणी आम्लधर्मी होते, तांबे विरघळून भेगांमधून झिरपू लागते. पुढे त्याला ज्या प्रकारचे पाणी किंवा खडक भेटेल, त्यानुसार नवे खनिज जन्माला येते. कार्बोनेट भेटले तर हिरवा मॅलॅकाइट. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण चांगले जास्त असेल तर निळा ॲझुराइट. क्लोराइड भेटले तर ॲटाकामाइट, आणि त्यासोबत थोडे सल्फेट असेल तर क्वचित सुईसारख्या निळ्या स्फटिकांचा कॉनेलाइट. फॉस्फेट भेटले तर आणखी निराळी मंडळी.

फॉस्फेटचे उदाहरण याच रेल्वेमार्गावर, पार्क्सजवळच्या नॉर्थपार्क्स खाणीत आहे. तिथल्या वरच्या, पूर्ण झिजलेल्या थरांत लिबेथेनाइट, स्यूडोमॅलॅकाइट आणि आकाशी निळा सॅम्प्लिआइट सापडले. सॅम्प्लिआइटच्या घडणीत तांबे, फॉस्फेट, क्लोराइड, सोडियम आणि कॅल्शियम इतके सगळे लागते. १९४२ मध्ये चिलीच्या चुकिकामाटा खाणीतून त्याचे प्रथम वर्णन झाले. तोच सॅम्प्लिआइट पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिंजेमिया गुहेत वटवाघळांच्या विष्ठेतून आलेल्या फॉस्फेटपासूनही बनलेला आढळतो. म्हणजे या खनिजांच्या बाबतीत ‘कुठे’ याचा अर्थ केवळ अक्षांश-रेखांश नसतो. त्या जागेवरचे पाणी काय काय घेऊन वाहते, हे जागेच्या नावापेक्षा जास्त सांगते.

खुद्द वेंटवर्थव्हिलच्या जमिनीखाली यातले काही नाही. तिथे वियानामॅटा गटाचे शेल आहेत, ट्रायासिक काळातले, विटांसाठी उत्तम. जवळच्या प्रॉस्पेक्ट हिलवर डोलेराइटचा मोठा अंतर्भेद आहे. रस्त्यांसाठी तो दीर्घकाळ फोडला गेला, आणि त्याच्या भेगांत प्रेहनाइटसह झिओलाइट गटातली खनिजे मिळाली. सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या पोकळ्या पाहिलेल्या माणसाला ही मंडळी लगेच ओळखीची वाटतील. तांब्यासाठी मात्र पश्चिमेला, कोरड्या प्रदेशातच जावे लागते.

कार बॉइडला पोहोचले की खडक बदलतो. हे पूर्व गोल्डफील्ड्स. पृथ्वीच्या अतिप्राचीन कवचाचा भाग. १९६६ मध्ये कांबाल्डाला निकेल सापडल्यावर या पट्ट्यात निकेलचा जो शोध उसळला, त्याच काळातली ही खाण. तिच्या सल्फाइडमध्ये निकेलबरोबर तांबेही होते. पाऊस जेमतेम. काल्गुर्लीला वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि भूजल अनेक ठिकाणी समुद्रापेक्षा खारट असते. पिण्याच्या पाण्यासाठी १९०३ मध्ये पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून पाचशे किलोमीटरांहून लांब नळ टाकावा लागला, यावरून त्या मुलखाची कल्पना यावी. अशा ठिकाणी सल्फाइडच्या झिजेतून बाहेर पडणारे धातू फार दूर वाहून जात नाहीत. ते जागच्या जागी, पातळ पापुद्र्यांच्या रूपात बसतात. कार बॉइडने म्हणूनच केवळ जॉर्जाइट दिला असे नाही. निकेल आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट असलेला कारबॉइडाइटही इथलाच. त्याचे वर्णन १९७६ मध्ये झाले आणि ते करणाऱ्यांत अर्नेस्ट निकेल हे शास्त्रज्ञ होते. आडनावातच निकेल असलेल्या या माणसाचे निकेलच्या खनिजांवरचे काम जगभर मानले जाते.

जॉर्जाइटच्या सोबतीला कार बॉइडमध्ये मॅलॅकाइट आणि चाल्कोनॅट्रोनाइट आहेत. हे त्रिकूट बारकाईने पाहण्यासारखे आहे. चाल्कोनॅट्रोनाइट म्हणजे सोडियम आणि तांबे यांचे जलयुक्त कार्बोनेट, निळसर हिरवे. त्याची पहिली ओळख कोणत्याही खाणीत झाली नाही. इजिप्तमधल्या प्राचीन कांस्यवस्तूंवर चढलेल्या थरात ते आढळले आणि हार्वर्डच्या संशोधकांनी १९५५ मध्ये त्याचे वर्णन केले. सोडियम कार्बोनेटने भरलेल्या पाण्याखेरीज हे खनिज होत नाही. तेव्हा जॉर्जाइटच्या शेजारी ते सापडले, याचा अर्थ त्या भेगेतले पाणी सोड्याने समृद्ध होते. एक शेजारी पाण्याची साक्ष देतो. दुसरा, म्हणजे मॅलॅकाइट, जॉर्जाइटचे पुढे काय होणार हे सांगतो.

इथे जॉर्जाइटचा मुख्य गुण आला: तो अस्फटिकी आहे. मॅलॅकाइटमध्ये तांबे, कार्बोनेट आणि हायड्रॉक्सिल यांचे अणू ठरावीक रचनेत, पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने बसलेले असतात. क्ष-किरण सोडले की त्यांच्या विवर्तनातून ठळक रेषांची विशिष्ट नक्षी मिळते. जॉर्जाइटवर क्ष-किरण सोडले तर अशा रेषा मिळत नाहीत. शेजारच्या अणूपर्यंत मांडणी असते, त्यापुढे शिस्त संपते. खनिजशास्त्राची सर्वसाधारण अट स्फटिकरचनेची. तिला अपवाद फार थोडे. ऑस्ट्रेलियाचे जगप्रसिद्ध ओपल हा अशाच अस्फटिकी पदार्थांपैकी. पण ओपल लाखो वर्षे टिकते, जॉर्जाइटला ते भाग्य नाही.

१९९१ मध्ये त्याचा पुन्हा अभ्यास झाला. मार्क पोलार्ड, रिचर्ड थॉमस आणि पीटर विल्यम्स यांनी मूळ शोधकर्त्यांपैकी ब्रिज व जस्ट यांच्यासह जॉर्जाइट प्रयोगशाळेत तयार केला, त्याचे घटक नव्याने तपासले, आणि तांबे, कार्बोनेट व हायड्रॉक्सिल यांचे प्रमाण मॅलॅकाइटसारखेच असल्याचे दाखवले. म्हणजे जॉर्जाइट हा मॅलॅकाइटचा अस्फटिकी भाऊ. तो कोणत्या परिस्थितीत कोणत्या कार्बोनेटमध्ये बदलतो, तेही त्यांनी मांडले. या संघातले पोलार्ड पुरातत्त्व-रसायनाचे अभ्यासक. हे सहज घडलेले नाही. उत्खननातल्या कांस्यमूर्तीवरचा थर आणि खाणीतल्या भेगेतला थर यांचे रसायन एकच आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात मिळालेल्या कांस्यवस्तू जतन करणाऱ्या संग्रहालयालाही तांब्याची हीच कार्बोनेटे आणि क्लोराइडे विचारात घ्यावी लागतात. पीटर विल्यम्स त्या वेळी कार्डिफला होते. नंतर ते सिडनीच्या पश्चिम उपनगरांसाठी स्थापन झालेल्या वेस्टर्न सिडनी विद्यापीठात प्राध्यापक झाले. वेंटवर्थव्हिलहून पॅरामॅटा ओलांडले की रायडलमिअरला त्या विद्यापीठाचा एक परिसर लागतो. नॉर्थपार्क्ससह ऑस्ट्रेलियातल्या अनेक ठिकाणच्या तांब्याच्या फॉस्फेटांवरचे महत्त्वाचे काम त्यांच्या गटाने तिथे असताना केले. पश्चिम सिडनीत वाढणाऱ्या मराठी मुलांना आपल्या उपनगरांचा विज्ञानाशी असा थेट संबंध आहे हे कोणी तरी सांगायला हवे.

जॉर्जाइट तयार करण्याची कृती ऐकून चकित व्हायला होते, इतकी ती साधी आहे. मोरचुदाचे पाणी आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी साध्या तापमानाला एकत्र केले की निळा, गरासारखा साका खाली बसतो. हा ताजा साका म्हणजे जॉर्जाइट. त्याच पाण्यात तसाच राहू दिला तर काही तासांत, फार तर काही दिवसांत तो हिरवा, दाणेदार होतो, म्हणजे त्याचा मॅलॅकाइट होतो. तापवले तर हा बदल आणखी वेगाने होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये या प्रकारच्या घटनांमागचा नियम सांगितला होता: द्रावणातून पदार्थ बाहेर पडताना सर्वांत स्थिर रूप सहसा आधी येत नाही, जवळचे, कमी स्थिर रूप आधी येते आणि मग पायरीपायरीने स्थिर रूपाकडे वाटचाल होते. जॉर्जाइट ही त्यातली पहिली पायरी. निसर्गात मॅलॅकाइटच्या ज्या असंख्य शिरा दिसतात, त्यांतल्या काहींच्या जागी कधीकाळी हा निळा गर होता असे मानायला रसायनशास्त्र पूर्ण वाव देते. फक्त तो पाहायला कोणी नव्हते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला यातला अर्धा भाग अनुभवाने ठाऊक आहे. १ टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी फवारायचे. कोकणातल्या सुपारीच्या बागेतही कोळेरोगावर हेच मिश्रण आणि हीच ताकीद. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठी ते प्रसिद्ध केले, तेव्हापासून ‘ताजेच वापरा’ हा नियम त्याला चिकटलेला आहे. चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घातला की बर्गंडी मिश्रण होते. बोर्डोतला साका चुन्यामुळे वेगळ्या घडणीचा, कार्बोनेटचा नव्हे; बर्गंडीतला साका मात्र थेट जॉर्जाइटच्या घरातला. दोन्हींत एकच गोष्ट घडते. ताजा साका गरासारखा, अतिबारीक कणांचा असतो, पानाला चांगला धरतो. ठेवून दिला की कण मोठे होतात, स्फटिक बनू लागतात, साका जड होऊन तळाशी बसतो आणि पानावर नीट चिकटत नाही. ताज्या आणि शिळ्या साक्यातला हा फरक शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. खनिजशास्त्राने त्याला नाव दिले.

मग कार बॉइडचा थर टिकला कसा? कोरडेपणाचा त्यात मोठा वाटा असणार हे उघड आहे. रूपांतराला पाणी लागते: जुने रूप विरघळते आणि नवे रूप त्यातूनच वाढते. पाणी आटले की ही देवघेव थांबते. पण नुसत्या कोरडेपणावर सगळा भार टाकता येत नाही. जॉर्जाइटचे दुसरे नैसर्गिक ठिकाण आहे वेल्समधल्या स्नोडन पर्वतावरची ब्रिटानिया ही जुनी तांब्याची खाण, आणि स्नोडन हा ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक. एक ठिकाण वाळवंटाच्या कडेला, दुसरे ढगांत. दोन्हीकडे तोच निळा थर असल्यामुळे वाचकाने हवामानापेक्षा भेगेच्या आतली स्थिती पाहावी: पाणी किती वेळ थांबते, त्यात कार्बोनेट किती, नवा थर किती वेगाने बसतो, मधेच वाळतो की नाही. दुय्यम खनिजांचा विचार नेहमी या लहान मापावर करावा लागतो. एकाच दगडाच्या दोन बाजूंना वेगवेगळी खनिजे असू शकतात.

इतके सगळे असूनही २०१६ पर्यंत जॉर्जाइट हा मोजक्या अभ्यासकांचाच विषय होता. त्या वर्षी ‘नेचर’मध्ये कार्डिफ विद्यापीठातले सायमन कॉन्ड्राट, ग्रॅहम हचिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला आणि हे खनिज रसायन उद्योगाच्या चर्चेत शिरले. पोलार्ड-विल्यम्स यांचे पूर्वीचे कामही कार्डिफचेच होते, हा योगायोग सुखद आहे.

त्यामागची गरज समजून घ्यावी. मिथेनॉल बनवताना तांबे आणि जस्त यांच्यावर आधारलेला उत्प्रेरक वापरतात. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९६६ मध्ये कमी दाबाची पद्धत आणली तेव्हापासून तो रूढ झाला. त्याआधी जस्त-क्रोमियमच्या उत्प्रेरकासाठी फार मोठा दाब आणि जास्त तापमान लागे. अमोनियाच्या कारखान्यातही तांबे-जस्ताच्याच उत्प्रेरकावर सुमारे २०० अंश सेल्सिअसला कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन बनवतात. कार्बन मोनॉक्साइड उरला तर पुढचा लोखंडी उत्प्रेरक निकामी होतो. अलिबागजवळच्या थळच्या आरसीएफ कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया होतो. महाराष्ट्रातल्या शेतावर पडणाऱ्या युरियाच्या पोत्यामागे अशी रसायनांची लांब वाट असते.

हा उत्प्रेरक करताना आधी तांबे-जस्ताच्या क्षारांत सोडियम कार्बोनेट मिसळून साका पाडतात, तो मुरू देतात, मग भाजतात. साका मुरतो तेव्हा काय होते हे आता वाचकाला सांगायला नको: निळ्या जॉर्जाइटचा हिरवा, जस्तयुक्त मॅलॅकाइट होतो. उद्योग आजवर या हिरव्या पायरीवरून पुढे जात होता, कारण निळी पायरी हातात धरून ठेवता येत नव्हती. शिवाय सोड्यातला सोडियम साक्यात अडकून राहिला तर उत्प्रेरकाला मारक ठरतो, आणि तो धुवायला बसावे तर धुता धुता जॉर्जाइट बदलून जातो.

कार्डिफच्या गटाने सोडाच वगळला. तांबे आणि जस्त यांची ॲसिटेटे थोड्या पाण्यासह इथेनॉलमध्ये विरघळवून त्यांनी ती कार्बन डायऑक्साइडमध्ये फवारली. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार यांच्या वर कार्बन डायऑक्साइड ना धड वायू राहतो ना द्रव. या अवस्थेत तो द्रावक क्षणात शोषून घेतो. विरघळलेल्या पदार्थाला स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही आणि जवळजवळ सोडियमरहित, कोरडा, टिकाऊ जॉर्जाइट हाती येतो. कार्बोनेट त्या कार्बन डायऑक्साइडमधूनच येते. या जॉर्जाइटपासून केलेला उत्प्रेरक मिथेनॉलसाठी अत्यंत सक्रिय ठरला, आणि अमोनिया कारखान्यातल्या त्या कमी तापमानाच्या पायरीसाठी रूढ उत्प्रेरकापेक्षा सरस. पहिल्या पायरीवरच्या पदार्थात तांबे आणि जस्त एकमेकांत अगदी बारीक मिसळलेले असतात. भाजल्यावरही ती जवळीक उरते, आणि काम तिच्यामुळे होते.

खनिजशास्त्राला छंदिष्टांचे शास्त्र म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी ही घटना जरूर पाहावी. जॉर्ज पेन यांच्या नावाचा तो पापुद्रा १९७९ मध्ये कोणी खरवडून तपासला नसता, त्याचे वर्णन छापले नसते, तर ‘मुरण्याआधीचा निळा साका’ एवढेच त्याचे स्थान राहिले असते. नाव मिळाल्यामुळे त्याचे गुणधर्म नोंदले गेले आणि तो पदार्थ स्वतंत्रपणे मिळवण्याचा प्रश्न कोणाला तरी पडू शकला.

या विषयात पुढे जाऊ पाहणाऱ्या वाचकासाठी थोडी व्यावहारिक सूचना. जॉर्जाइट डोळ्यांनी ओळखता येत नाही. तांब्याच्या खाणीत फिकट निळे, मऊ थर अनेक असतात. अस्फटिकी क्रिसोकोला त्यांत सर्वांत फसवा, आणि तो सिलिकेट आहे. आम्लाचा थेंब टाकला की कार्बोनेट फसफसते, क्रिसोकोला फसफसत नाही, इतपत फरक घरी कळेल. त्यापुढे क्ष-किरण विवर्तन आणि अवरक्त वर्णपट लागतात: पहिल्यात ठळक रेषा नसणे आणि दुसऱ्यात कार्बोनेटच्या खुणा असणे, ही जोडी महत्त्वाची. नमुना मिळाला तर तो धुऊ नये, ओलसर जागी ठेवू नये, आणि मूळ खडकापासून वेगळा करू नये, कारण शेजारची खनिजे गेली की पाण्याची माहिती जाते. सिडनीत राहणाऱ्यांना ऑस्ट्रेलियन म्युझियममधल्या अल्बर्ट चॅपमन संग्रहात तांब्याची कार्बोनेटे उत्तम रूपात पाहता येतात. सुरुवात तिथल्या ॲझुराइट आणि मॅलॅकाइटपासूनच करावी, विशेषतः निळ्या स्फटिकाची धार हिरवी होत गेलेले नमुने पाहून.